खुणेची काठी

आमच्या घरात बाबा आणि मालनकाकी एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी थेट शब्द बोलायचा नाही, तो माजघरातून जात असला तर दाराआड व्हायचं; त्यानेही तिला हाक मारायची नाही. माझी सून तिच्या थोरल्या दिराबरोबर पत्ते खेळते आणि त्याने पान लपवलं तर त्याच्या हातावर चापट मारते. मी बघत बसते. वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं, पण दर वेळी मला मे महिन्यातला आमचा किनारा आठवतो. तिथे जे घडलं त्याचा धक्का अजून माझ्यातून गेलेला नाही. गुडघे गेले, दात गेले, हा काही जात नाही.

मग दोघांचं एका घरात चालायचं कसं, तर मधे मी होते. बाबा ओटीवरून म्हणायचे, "बाय, तुझ्या काकीक सांग, कंदिलात तेल नाय." काकी चुलीपाशी, म्हणजे जेमतेम एका भिंतीपलीकडे. तिला ऐकू गेलेलं असायचंच. ती कंदील भरायची आणि मला म्हणायची, "सांग तुझ्या बाबांक, भरलंय." तेही बाबांनी ऐकलेलं असायचं. माझ्या तोंडात पेजेचा घोट असला की मी काहीच सांगायची नाही, आणि दोघंही सांगितल्यासारखंच धरायची. लहान होते तेव्हा मला हा खेळ वाटायचा. पुढे पुढे कंटाळा यायला लागला. पण रीत ती रीत, आणि आमच्या वाडीत रितीपुढे माझ्या कंटाळ्याला कोण विचारतंय.

काकीचं माहेर कट्ट्याचं, भातशेतीवाल्यांचं. समुद्र तिने लग्नानंतर पाहिला, आणि तोही फार दिवस नाही, कारण काका मुंबईत एका फोटो स्टुडिओत कामाला होते आणि ती लगेच तिकडे गेली. काका उरलेलं काम रात्री खोलीवर आणत, काकी त्यांच्याबरोबर फिल्म धुवायला शिकली, मग फोटो काढायला. काका तापाने गेले. ती परत आली तेव्हा एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात कातडी पेटीतला कॅमेरा. त्याला बाजाच्या पेटीसारखा भाता होता. आईने तो उघडलेला पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "घोव जावन महिनो नाय झालो आणि हिका गाणां सुचता?" तो गाण्याचा भाता नव्हे हे पटायला आईला पावसाळा उलटावा लागला. बाबांनी मात्र काही विचारलं नाही. एक दिवस भाताच्या कोठीतला कोपरा रिकामा दिसला, बाबा मला म्हणाले, "काकीक सांग, थंय उंदीर नाय येणत," आणि खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, निघून गेले.

त्या कोपऱ्यात काकीची अंधारखोली झाली. कंदिलाला लाल फडकं, आईची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, तीन ताटं, त्यात औषधाचं पाणी. विहिरीचं पाणी मचूळ, त्यात धुतलेले फोटो डागाळायचे, म्हणून देवळाच्या विहिरीवरून गोड पाणी आणायचं काम माझं. फिल्मचे रोल कोल्हापूरहून यायचे, फोंडाघाट उतरून एस.टी.ने. घराला तेव्हा दोनच वास होते असं मला आता वाटतं: एक बांगडा भाजल्याचा आणि एक त्या औषधाचा. आई म्हणायची, सोलांच्या कढीलासुद्धा फोटोचा वास येतो. यायचा नाही. पण तिची तीन ताटं गेली होती, तिने काहीतरी म्हणायलाच हवं होतं. वाडीतल्या बायका मात्र खूश होत्या. मुंबईच्या मुलाकडे पाठवायचा मुलीचा फोटो परक्या पुरुषासमोर बसून काढावा लागत नव्हता. काकी आमच्याच खळ्यात चादर बांधायची, मुलीची हनुवटी दोन बोटांनी वर करायची आणि म्हणायची, "हसा नको, नुसती हसतंय असां मनात आण."

या सगळ्या फोटोंच्या पाठीवर काकांचा रबरी शिक्का पडायचा. शिक्का मुंबईहून आलेला, त्यात काकांचं नाव. काकीने काढलेला, काकीने धुतलेला, काकीने वाळवलेला फोटो, आणि पाठीवर मेलेल्या माणसाचं नाव. ती त्याबद्दल बोलत नसे. पण शिक्का मारताना ती तो इतका हलका टेकवायची, की अर्धी अक्षरं उमटायचीच नाहीत. मग मुंबईच्या एका मासिकाच्या, काकांच्या ओळखीतल्या, संपादकांनी तिला निरोप धाडला. तुमच्याकडच्या वाळूत पक्षी अंडी घालतात असं ऐकलंय. नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू, शेजारी त्याचं कवच, असा फोटो अजून कोणी आम्हाला दिलेला नाही. तुम्ही दिलात तर दिवाळी अंकात छापू, तुमच्या नावानिशी. काकीने मला हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या दोन शब्दांपाशी तिचा आवाज बारीक झाला. तिला एक गोष्ट स्वतःच्या नावाची हवी होती. मला ते तेव्हाही कळलं, मी काही इतकी अडाणी नव्हते.

ती पाखरं म्हणजे मुठीएवढी, पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, आणि धावणं असं की पाय दिसतच नाहीत. चिखल्या हे त्यांचं नाव मला फार पुढे पुस्तकात सापडलं. तेव्हा आमच्या लेखी ती नुसती पाखरं होती, आणि किनारा त्यांनी भरलेला असायचा. आता आमच्या किनाऱ्यावर छत्र्या आहेत, कुत्री आहेत, पाण्यावर उडणाऱ्या मोटारी आहेत, आणि गेल्या कित्येक उन्हाळ्यांत मला एकही घरटं दिसलेलं नाही. घरटं तरी कसलं, वाळूत टाचेने केल्यासारखा खळगा, त्यात शिंपल्यांचे चार तुकडे आणि ठिपक्यांची अंडी. हातभर अंतरावरून बघितलं तरी दिसणार नाहीत. दुपारी वाळू इतकी तापायची की आमचे पाय पोळायचे. तेव्हा मादी पाण्याकडे धावत जायची, पोट भिजवायची आणि ओलं पोट घेऊन परत अंड्यांवर बसायची. काकीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कॅमेरा विसरून नुसती बघत राहिली. मग मला म्हणाली, "तिका कोणी शिकवल्यान ता?"

तिने भरतीच्या रेषेच्या वर, वाळूवर पसरणारी मर्यादवेल सुरू होते त्याच्या अलीकडे, एक घरटं निवडलं. थोड्या अंतरावर माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा केला, म्हणजे दोन झापं एकमेकांना टेकवली आणि आत एक माणूस पोटावर पडेल एवढी जागा ठेवली. कॅमेरा घरट्याजवळ वाळूत अर्धा पुरायचा, वर शेवाळ टाकायचं, खटक्याला जाळ्याचा दोरा बांधायचा आणि दोऱ्याचं टोक घेऊन आडोशात पडायचं. मी बरोबर जायचे ते मुख्यतः काकी एकटी किनाऱ्यावर फिरते असं कोणी म्हणू नये म्हणून. मग आजोळी लग्न निघालं आणि आई मला घेऊन देवगडला गेली. आम्ही नसताना काकी एकटी पहाटे जायची आणि तिला घरटं सापडायचं नाही. वारा रोज वाळूचं रूप बदलायचा. पाय पडेल या भीतीने ती रांगत शोधायची. शेवटी तिने एक काठी घेतली, घरट्यापासून दोन पावलांवर रोवली, आणि लांबून दिसावी म्हणून तिच्या टोकाला माडाच्या पात्याची गाठ मारली. वाऱ्यावर पातं हलायचं, काकीला घरटं सापडायचं. कट्ट्याच्या शेतावर राखण दाखवायला अशीच काठी लावतात. तिला वाटलं, काठी म्हणजे काठी.

आमच्याकडे काठी म्हणजे नुसती काठी नव्हती. पावसाआधी होड्या वर काढतात. वाळू दर वर्षी सरकते, गेल्या साली जिथे होडी सुरक्षित राहिली तिथे यंदा पाणी येईल, म्हणून जाणत्याने फिरून जागा बघायची आणि आपली जागा धरली हे दाखवायला काठी रोवून तिला माडाच्या पात्याची गाठ मारायची. गाठ दिसली की ती जागा लागली. मग तिथे दुसरा कोणी येत नाही आणि होडी नाकासमोर त्या काठीवर न्यायची. दुसरी गोष्ट याहून मोठी. ओंडक्यांवरून निघालेली होडी आपल्या जागेवर पोचेपर्यंत टेकवायची नाही. वाटेत टेकली तर देवळात गाऱ्हाणं घालायचं, देवाने कौल दिल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. आणि होडी ओढताना बायकांनी समोर यायचं नाही, विधवांनी तर त्या दिवशी किनाऱ्याकडे बघायचंही नाही. म्हणूनच इतकी वर्षं घरात राहून काकीने होडी काढताना एकदाही पाहिली नव्हती, आणि ती काठी काय बोलते हे तिला सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कोण कोणाला सांगतं?

आम्ही देवगडहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला. समुद्राचा आवाज जड झाला होता, विहिरीच्या रहाटाच्या कुरकुरीवरही तो ऐकू येत होता. होडी अमावास्या झाल्यावर काढायची ठरली होती, पण गोपाळ तांडेल, बाबांच्या होडीचा म्होरक्या, खळ्यात येऊन म्हणाला, "रवान चलाचां नाय. आजच काढूया." बाबांनी अंगातली बंडी काढून खुंटीला लावली आणि निघाले. काकी पहाटेच गेली होती, आणि तिचं घरटं होडीच्या वाटेत येईल असं माझ्या मनातही नव्हतं. अंडी फुटायची वेळ झाली, आतून टोचल्याचा आवाज येतो असं तिने रात्री मला सांगितलं होतं, आणि पिल्लं एकदा सुकली की कवच सोडून लांब पळतात, तेव्हा जो काय फोटो मिळेल तो आजच. आईने चवळी उकडली, गूळ-खोबरं बांधलं, आणि ओढून दमलेल्या माणसांना द्यायला आम्ही टोपली घेऊन मागच्या वाटेने किनाऱ्यावर गेलो. बायका थांबायच्या तिथे, उंडीच्या झाडाखाली उभ्या राहिलो.

होडी अर्ध्या वाटेत आली होती. तिला शार्कच्या तेलाचा वास, ओंडक्यांना तेल, माणसांना घाम. तांडेल ओरडायचा, सगळी वाडी हय्या म्हणायची, होडी एक हात वर यायची. मागची माणसं मागचा ओंडका उचलून पुढे टाकायची. बाबा होडीचे मालक म्हणून पुढच्या दोरीला, दोरी खांद्यावर, मान खाली. आणि समोर, सरळ रेषेत, वाऱ्यावर हलणारी गाठ. तांडेलाला वाटलं होतं मालकांनी खूण रोवली. बाबांना वाटलं होतं तांडेलाने रोवली. आणि शेजारी दोन झापं पाहून दोघांनाही वाटलं होतं, वाऽ, होडीवर घालायची झापंसुद्धा येऊन पडलीत. त्या झापांखाली काकी होती. मी आईचा हात धरला आणि झापांकडे बोट दाखवलं.

आधी झाप उडालं. मग वाळूतून उगवावी तशी काकी उभी राहिली. डोक्यावर पदर नाही, केसांत वाळू, कोपराला रक्त. वाडीतल्या निम्म्या पुरुषांनी तिचं तोंडही कधी नीट पाहिलेलं नव्हतं. ती धावली, घरट्यापुढे गुडघ्यावर पडली, दोन्ही हात आडवे पसरले आणि ओरडली, "भावजीनू, रवा!"

बाबांनी मान वर केली. त्यांनी काय पाहिलं असेल ते मी शंभरदा मनात पाहिलंय. भावाची बायको, केस मोकळे, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून. आणि तो आवाज, जो भिंतीपलीकडून माझ्याशी बोलताना त्यांनी वर्षानुवर्षं ऐकला होता, पहिल्यांदा त्यांच्या नावे आलेला. त्यांच्या हातून दोरी सुटली. होडीचं नाक खाली गेलं, पुढचा ओंडका सटकला आणि ती धप्प करून वाळूवर बसली. मागच्या माणसांचं हय्या घशातच राहिलं. आईच्या हातातली टोपली कलंडली आणि चवळी वाळूत पडत राहिली, पण तिने खाली पाहिलं नाही.

यानंतर काकीने जे केलं त्याने मला आधीपेक्षा जास्त हादरवलं. तिने पदर शोधला, डोक्यावर घेतला, बाबांकडे पाठ फिरवली आणि लांब उभ्या असलेल्या मला हाक मारली, "बाय, बाबांक सांग, हंय पिल्लां आसत." मी चालत गेले. तिथे काठी होती, काठीखाली खळगा, खळग्यात दोन भिजलेली पिल्लं वाळूला चिकटून पडलेली आणि तिसऱ्याचं अर्धं अंग अजून कवचात. पिल्लं हलत नव्हती. संकट आलं की ती पळत नाहीत, डोळे मिटून पडून राहतात. मी बाबांना म्हणाले, "बाबानू, हंय पिल्लां आसत."

"कोणाची?" तांडेलाने विचारलं.

"पाखराची."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. तांडेल काठीकडे बघत होता. "मालकानू, ही खूण तुमची नाय?"

"माका वाटलां, तू घातलंस."

काकी माझ्याशीच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "सांग त्यांका, काठी माझी."

फोटोचं काय झालं ते आधीच सांगते, नाहीतर तुमचा जीव त्यात अडकेल. हाक मारण्याआधी काकीने दोरा ओढला होता. फोटो चांगला आला, दिवाळीत छापून आला, खाली तिचं नाव आलं, पूर्ण नाव. पण त्या दिवशी कोणाला फोटो आठवत होता? तांडेल म्हणाला, "टेकली. आता कौल झाल्याबिगर हात लावूचो नाय." एकजण हळूच म्हणाला की जरा बाजूने वर घेऊया, देव बघून घेईल. बाबांनी मान हलवली. त्यांनी नांगर वाळूत पुरून होडी बांधली आणि सगळे देवळात गेले. गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. कौल आला नाही. पुन्हा सकाळी लावायचा असं ठरलं. हे मी रागाने लिहीत नाही. राग यायचा तेवढा पूर्वी येऊन गेला.

त्या संध्याकाळी घरात कोणी जेवलं नाही. कुळथाची पिठी चुलीवर आटून गेली. आई एकटीच बोलत होती, "शिरा पडो त्या पाखरांच्या तोंडार," आणि मग आपल्यालाच पाप लागेल म्हणून गालावर मारून घेत होती. बाबा खळ्यात बसून समुद्राकडे कान लावून होते. काकी कोठीच्या दारात. रोज या वेळेला बाबा मला काहीतरी सांगायचे, दिवा, पाणी, उद्याची पेज. त्या दिवशी एक शब्द नाही. मी मधे उभी होते आणि कोणालाच माझा उपयोग नव्हता. शेवटी काकी म्हणाली, "बाबांक सांग, माझां चुकलां." मी खळ्यात जाऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "आयकलंय." मी परत आत आले.

उधाण अंधारातच येऊन गेलं. उजाडताना आम्ही किनाऱ्यावर गेलो तेव्हा होडी नव्हती. आमच्या होड्या तेव्हा खिळ्यांच्या नसत, फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. लाटांनी ती शिवण उसवून टाकली होती. फळ्या किनाऱ्यावर लांबपर्यंत विखुरलेल्या, काही पाण्यात वरखाली होत असलेल्या, आणि काथ्याचे पुंजके सगळीकडे. नांगर होता तिथेच होता, दोरीला फक्त नाकाचा तुकडा. मी तो बघत उभी राहिले आणि मला काहीच वाटेना. होडी मोडते हे ठाऊक होतं. इतकी सुटी होते हे ठाऊक नव्हतं. ती माझ्या जन्माआधीपासून होती, आमचं जेवणखाण, माझी शाळा, देवगडचा आहेर, सगळं तिच्यातून आलेलं.

वाडी जमली. काकीही आली होती, सगळ्यात मागे, पदर तोंडापर्यंत ओढून. लोकांनी तिला पाहिलं आणि बोलायला सुरुवात झाली. "रांडाव बाई होडीक आडवी इली, आणखी काय होतलां?" एक म्हातारा म्हणाला, तिने देवापुढे नाक घासलं पाहिजे आणि पुन्हा किनाऱ्यावर पाय ठेवणार नाही असं बोललं पाहिजे. तांडेल म्हणाला, कट्ट्याला पाठवा तिला, तिच्या भावाकडे, घराला बरं. आईने काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं, आणि ती काय बोलेल याची भीतीही वाटत होती.

बाबा पाण्याच्या कडेला पाठमोरे उभे होते. ते वळले. "कोणाक पाठवूचां?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता. "तिना हाक मारल्यान. दोरी मी सोडलंय."

तांडेल म्हणाला, "पण मालकानू, हाक मारल्यान म्हणानच..."

"दोरी माझ्या हातात होती," बाबा म्हणाले. "तिच्या हातात नव्हती."

मग ते एका लांब फळीपाशी गेले आणि तिचं टोक उचललं. ती फळी एकट्याची नव्हती, दोन माणसांची होती. पाण्याने जड झालेली. पुरुष जागचे हलले नाहीत. कौल झाला नव्हता, हात लावावा की नाही हे कोणाला कळत नव्हतं. बाबांनी टोक खांद्यावर घेतलं, दोन पावलं ओढलं, फळी वाळूत रुतली. पुन्हा ओढलं. त्यांची मानेची शीर फुगलेली मला दिसत होती. आणि मग मागून काकी आली. तिने पदर काढून कमरेला खोचला, वाकली आणि फळीचं दुसरं टोक उचललं.

आईची बोटं माझ्या मनगटात रुतली. थोरल्या दिराने उचललेल्या वस्तूला धाकट्या भावजयीने त्याच वेळी हात लावायचा नसतो. पाण्याचा तांब्यासुद्धा ती खाली ठेवायची आणि तो मग उचलायचा. इथे सगळ्या वाडीसमोर एक फळी, दोन टोकं, आणि डोकं उघडं. तांडेलाने तोंड फिरवलं. म्हातारा खाली बसला. बाबांना मागे वजन हलकं झालेलं कळलं असणार, आणि कोणामुळे हेही कळलं असणार, कारण ते क्षणभर थांबले. मला वाटलं ते फळी टाकतील.

त्यांनी फळी टाकली नाही. ते चालू लागले, वर, मर्यादवेलीच्या दिशेने, आणि काकी त्यांच्या मागे. काठी उधाणाने नेली होती, खळगा बुजला होता, वाळू सगळीकडे सारखी होती. बाबांनी पावलं लहान केली. मान न वळवता, मला हाक न मारता, ते बोलले.

"पायाखाली बघ गो. पिल्लां हंयच खंय तरी आसतली."

"बघतंय," काकी म्हणाली.